पाच मिलिमीटर खालची खिडकी

मी गार्डाचा डबा बोलतोय. खऱ्या गाडीचा नव्हे, तिच्या सत्त्याऐंशीपट लहान नमुन्याचा. तळहातावर मावतो म्हणून कुणी मला खेळणं म्हणायचं नाही. म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पुढे इंजीन कितीही शिट्ट्या मारू दे, माझ्या पाठीवरचा लाल दिवा दिसला तरच गाडी पुरी आली असं धरतात. मागे काही सुटलेलं नाही, याची हमी मी देतो.

मला बनवलं गार्डसाहेबांनी. त्यांची सगळी नोकरी एका आडबाजूच्या मार्गावर झाली. कोळशाचं इंजीन, दोन प्रवासी डबे, चार-पाच मालडबे आणि शेवटी मी, म्हणजे माझा खरा थोरला भाऊ. तो मार्ग केव्हाच उखडला. रूळ भंगारात गेले, स्टेशनच्या जागी गोदाम आलं. मग निवृत्त झालेल्या गार्डसाहेबांनी ती अख्खी गाडी, जशी आठवेल तशी, जेवणाच्या टेबलावर पुन्हा उभी करायला घेतली.

माझ्या भिंती जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याच्या. ब्लेडनं एकेक रेघ ओढून त्यावर फळ्या काढल्या. छप्पर रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचं, दांडे बंद पडलेल्या रेडिओच्या तारेचे. साहेबांचा हात थरथरतो, म्हणून कोपर टेबलाला टेकवून, श्वास रोखून काम चालायचं. शेवटी खडूची पूड घासून दोन दिवस माझ्यावर धूळ चढवली. त्याच वेळी त्यांची मुलगी फडकं घेऊन घरभर धूळ पुसत होती. तिनं मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. माणसांचं काही कळत नाही बुवा.

ही मुलगी दवाखान्यात कामाला आहे. दोन वर्षांपूर्वी ती वडिलांजवळ राहायला आली, कारण साहेबांना हल्ली आठवत नाही. चहा घेतला का, ते आठवत नाही. एकदा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. पण गाडीचं विचारा! कुठल्या दाराची कडी लागत नव्हती, पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या अंगाला होती, सगळं तोंडपाठ. निदान सगळे तसं समजत होते, आणि साहेबही.

आता माझ्या खिडक्यांचं ऐका. उजवीकडची खिडकी उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी येते. डावीकडची तिच्याहून पाच मिलिमीटर खाली आहे. साहेबांनी ती कापली तेव्हा ना कागद बघितला, ना पट्टी लावली. हात आपोआप खाली गेला आणि ब्लेड चाललं. मी तिथे होतो, माझ्याच अंगावर चाललं होतं ते.

गावात छोट्या गाड्या बनवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. यंदा प्रदर्शनासाठी त्यांनी साहेबांचाच मार्ग निवडला. त्या मार्गावर नोकरी केलेला दुसरा कुणी आता उरलेला नाही, म्हणून साहेब सांगतील तसं स्टेशन, तसं फाटक, तसा रंग असं ठरलं. मंडळाचे चिटणीस निवृत्त इंजिनिअर. मी त्यांना मोजपट्टी म्हणतो. लोक खिशाला पेन लावतात, हे मापं घ्यायचा कॅलिपर लावतात. माणूस वाईट नाही, पण मोजल्याशिवाय जांभईसुद्धा देणार नाही.

तर एका दुपारी मोजपट्टी घरी आले आणि मला उताणं पाडून मोजायला लागले. सोबत डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या जुन्या नकाशाची प्रत होती. त्यात दोन्ही खिडक्या एका रेषेत.

"साहेब, पाच गुणिले सत्त्याऐंशी," ते म्हणाले, "म्हणजे जवळजवळ दीड फूट खाली. गार्ड काय गुडघ्यावर बसून सिग्नल बघायचा?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला सुलटं केलं. मग म्हणाले, होती खरी तशी. का होती, ते मात्र त्यांना सांगता येईना.

मोजपट्टींनी समजुतीच्या सुरात सगळं मांडलं. खिडकी बुजवून वर कापली की प्रश्न मिटला. नाही तर मंडळ विचारणार, की स्वतःचा डबा ज्यांना नीट आठवत नाही, त्यांच्या टाकीवर आणि फाटकावर भरवसा कसा ठेवायचा? मग सगळाच मार्ग नकाशांवरून करावा लागेल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चुकलेलो नाही हे मला ठाऊक होतं. पण पुठ्ठ्याच्या तोंडाला आवाज कुठला? वाटलं, साहेब आता उसळतील, या माणसाला दार दाखवतील. साहेबांनी खण उघडला, पुठ्ठ्याचा तुकडा काढला आणि माझ्या खिडकीला लावून बघितला.

"तुम्ही म्हणता तसंच असेल," ते म्हणाले. "हल्ली माझं काही खरं नाही."

आजवर मी त्यांच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. मला खिडकीचं एवढं वाटलं नाही. हा माणूस स्वतःलाच खोटा ठरवायला निघाला होता, त्याचं मला फार वाईट वाटलं.

मुलगी चहा घेऊन आली. वडिलांच्या हातात डिंकाची बाटली बघून तिनं विचारलं, काय चाललंय. मोजपट्टींनी खिडकीची गोष्ट सांगितली. तिनं कप टेबलावर ठेवला.

"बुजवू नका," ती म्हणाली. "मी त्या खिडकीतून बघितलंय."

मग ती खुर्चीवर बसून सांगायला लागली. ती पाच वर्षांची होती. आई तीन महिने दवाखान्यात होती, घरी सांभाळायला कुणी नव्हतं. नियमात बसत नव्हतं, तरी बाबा तिला डब्यातून सोबत न्यायचे. एकदा गाडी उभी असताना शेडमधले सुतारकाका आले. त्यांनी तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि तिच्या डोळ्यांपाशी पेन्सिलीची खूण केली. तिला वाटलं, आपली उंची मोजतायत.

"मला इतकी वर्षं वाटत होतं, सगळ्याच डब्यांना एक खिडकी खाली असते," ती म्हणाली. "ती खूण खिडकीची होती, हे आज कळतंय."

साहेबांना काहीच आठवलं नाही. त्यांनी मला उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि तिच्याकडे वळले.

"मग तुला बाहेरचं दिसायचं का गं?"

"सगळं दिसायचं, बाबा."

साहेबांनी डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं.

आता तुम्हाला वाटेल, मोजपट्टी विरघळले. डोळे त्यांनी पुसले, खोटं कशाला बोलू? पण मंडळाच्या बैठकीत नियम आडवा आला. नकाशात नाही ते गाडीत नाही. फार तर वेगळ्या फळीवर ठेवू, खाली 'काल्पनिक' अशी चिठ्ठी लावून. काल्पनिक! मुलीनं ती चिठ्ठी टेबलावर तशीच ठेवली, मला रुमालात गुंडाळलं आणि घरी आणलं. तिकडे प्रदर्शनात मंडळानं बनवलेली नकाशाबरहुकूम गाडी फिरली म्हणे. खुशाल फिरू दे. त्यांच्या डब्यातून पाच वर्षांच्या मुलीला भिंतीशिवाय काही दिसणार नाही.

मी इथे जेवणाच्या टेबलावर आहे. रोज संध्याकाळी ती गाडी सुरू करते आणि बाबांना तीच गोष्ट पहिल्यापासून सांगते. ते रोज नव्यानं ऐकतात. ब्लेड आता त्यांच्या हातात देत नाहीत. बोलणं कमी झालंय, काही दिवस तर नुसते बसून असतात.

परवा त्यांनी तिला विचारलं, "ताई, तुम्ही कोण?"

तिनं गाडी थांबवली. मला रुळांवरून उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. साहेबांचं बोट माझ्या अंगावरून फिरत डावीकडे आलं आणि थांबलं.

"ही आमच्या मुलीची खिडकी," त्यांनी तिला समजावून सांगितलं. "तिला बाहेर बघायला आवडतं."

या आता नकाशा घेऊन, पट्टी घेऊन, डिंक घेऊन. अख्खं मंडळ घेऊन या. मला हात लावून तर बघा.