काळ्या चौकटीची कार्डं

गुरुदासचा प्रिंटर दुरुस्त करायचा तर आधी त्याला चार शिव्या हासडायच्या आणि मग कामाला बसायचं, ही माझी जुनी पद्धत. त्या दिवशी शिव्या तोंडात आल्याच नाहीत. जामसंड्यात, त्याच्या घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात, त्याच्याच खुर्चीत मी बसलो होतो, आणि तो जाऊन आठवडा झाला होता.

सुगंधावहिनींनी काळ्या चौकटीच्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर आणून ठेवला. नवऱ्याच्या बाराव्याची कार्डं छापायची होती.

“वयनी, कणकवलीक माझ्या दुकानात छापून संध्याकाळी हाडून देतंय,” मी म्हटलं. “ह्या डबड्याच्या नादाक कित्याक लागतास?”

“नाय, मुनीरभाव. गावात कोण पण गेलो तरी त्येचा कार्ड ह्येंनीच छापल्यानी. आता ह्येंचा मी भायरसून हाडू?” त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “जाताना माझ्याकडे एक शब्द बोलाक नाय. निदान ह्या कार्ड तरी त्येंच्या मशीनीवरसून येवंदे.”

मी कॉम्प्युटर सुरू केला.

आमच्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. विहिरीवर निघालेलं माणूससुद्धा ‘येतंय’ म्हणून उंबरा ओलांडतं. त्या सकाळी गुरुदासच्या छातीत दुखायला लागलं, वहिनी रिक्षा आणायला रस्त्यावर धावल्या, आणि परत आल्या तेव्हा तो इथेच, याच खुर्चीत, घामाने भिजलेला होता. दोघांनी धरून त्याला रिक्षात बसवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची शुद्ध गेली होती. ती परत आलीच नाही. ‘येतंय’ म्हणायचं राहून गेलं, आणि वहिनींच्या मनात तेच टोचत होतं.

त्यात शेजारपाजारच्यांनी भर घातली होती. गुरुदास चहाला गेला तरी शटरवर कागद चिकटवून जायचा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून तो कागदही प्रिंटरवरच छापायचा. तो दवाखान्यात होता तेव्हा मात्र शटरवर काहीच नव्हतं. आंब्याच्या पेट्यांची लेबलं न्यायला आलेले लोक कुलूप हलवून बघायचे आणि ‘सांगान तरी जावचा’ असं पुटपुटत परत जायचे. वहिनींची जाऊ सारिका तेव्हा घरात राखणीला होती. तिने हे सगळं ऐकलं आणि नको तेव्हा वहिनींच्या कानावर घातलं.

प्रिंटरची रडकथा जुनी होती. गुरुदासच्या जुन्या कॉम्प्युटरवर मीच लिनक्स घालून दिलं होतं, कारण आधीचं विंडोज गोगलगाईला लाजवत होतं. कॉम्प्युटर सुधारला, पण प्रिंटर रुसला. त्याच्या कंपनीने ते मॉडेल कधीच वाऱ्यावर सोडलेलं. त्याला कॉम्प्युटरची भाषा समजावून सांगणारा ड्रायव्हर होता तो जुनाट, नव्या सिस्टीमवर न बसणारा. मी तो कसाबसा ठोकून बसवायचो आणि पुढचा अपडेट आला की सगळं मुसळ केरात.

मग गुरुदासचा फोन यायचा, आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं तो फोनवरच घालायचा. “बा देवा म्हाराजा, ह्या मुनीरान माझ्या मशीनीची वाट लावल्यान हा, ती पुन्ना सरळ कर रे म्हाराजा!” मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. नमाजाला उशीर होतोय म्हटलं तरी सोडायचा नाही. वर आणखी एक खोड. छपाई आली नाही की गडी बटण दाबतच राहायचा, दाराची कडी वाजवावी तसा. त्यामुळे दुरुस्तीला बसलो की मी आधी त्याची अडकून पडलेली कामं पुसून टाकायचो. नाहीतर प्रिंटर सुरू झाल्या झाल्या तेच ते लेबल बाहेर ओकत बसायचा.

त्या दिवशीही अपडेटनेच घात केला होता. ड्रायव्हर बसत नव्हता. एक फाईल टाकली तर दुसरी नाही म्हणून तक्रार, दुसरी टाकली तर पहिली जुनी म्हणून तक्रार. शेवटी इंटरनेटवर एक नवा ड्रायव्हर सापडला. कुठल्याशा देशातल्या माणसाने, त्याच्याकडेही हाच प्रिंटर पडून होता म्हणून, स्वतः लिहून फुकट ठेवून दिलेला. त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात दुवा दिला.

सारिकाने आणून ठेवलेला चहा गार झाला. वहिनी स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण नजर हटत नव्हती. हा प्रिंटर आज चालला नाही तर या बाईला मी काय तोंड दाखवू?

ड्रायव्हर बसला. प्रिंटरच्या नावापुढे अजून ‘थांबलेला’ असंच दिसत होतं. मी कार्डांचा गठ्ठा ट्रेमध्ये लावला.

“गाऱ्हाणा घालीत ते,” वहिनी हळूच म्हणाल्या.

गाऱ्हाणं कुणी घातलं नाही. घालणारा नव्हता. तरी मी “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि प्रिंटर सुरू केला. अडकलेली कामं पुसायची त्या दिवशी मी साफ विसरलो.

प्रिंटर कुरकुरला, गरम झाला आणि त्याने पहिलं कार्ड ओढलं. बाराव्याची फाईल मी अजून उघडलीही नव्हती. मी थांबवायला धावेपर्यंत कार्ड बाहेर आलं होतं आणि वहिनींनी ते प्रसादासारखं दोन्ही हातांत घेतलं होतं.

काळ्या चौकटीत, गुरुदासच्या आवडत्या जाड अक्षरांत छापलं होतं:

दुकान दोन दिवस बंद. दवाखान्यात जाऊन लगेच येतो. उगाच शटर वाजवू नये. — गुरुदास

मागोमाग दुसरं आलं. तेच. मग तिसरं. वहिनी रिक्षा शोधत होत्या तेव्हा हा इथे बसून, छातीत कळ मारत असताना, बंद पडलेल्या प्रिंटरसाठी बटण दाबत होता. पुन्हा पुन्हा दाबत होता. मला रडू आवरेना. चाळिशी उलटलेला माणूस मी, चष्मा काढून शर्टाने डोळे पुसत बसलो.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी एकेक कार्ड उचललं, प्रत्येक पूर्ण वाचलं, जणू पुढच्यावर काही वेगळं असेल.

“बघा, मुनीरभाव,” त्या म्हणाल्या. “सांगान गेलेले.”

कामं संपली आणि प्रिंटर गप्प झाला. वहिनींनी त्यातलं एक कार्ड माझ्यापुढे धरलं.

“ह्या आधी शटराक लावा. मगे बाराव्याची छापा.”

गुरुदासची चिकटपट्टी नेहमीच्या खणात होती. मी बाहेर जाऊन कार्ड लावलं, चारही कोपरे नीट दाबले. आत येऊन बाराव्याची फाईल उघडली आणि बटण दाबलं, एकदाच. प्रिंटरने कसलीही तक्रार न करता त्याच्या मालकाचं कार्ड छापलं.