नजरेआडची आई

सून कामाला बाहेर पडली की घरोघरी कुजबुज सुरू होते, हे आपल्यापैकी कुणाला नवं आहे? रामाकोना गावच्या देवकाबाई तर स्वतःच ती सुरू करत. त्यांची सून उर्मिला सात महिन्यांच्या लेकीला पाजून, सासूच्या हाती सोपवून सौंसरच्या शाळेत शिकवायला जाई. सून लेकराला टाकून जाते, असं देवकाबाई शेजारणींना सांगत. ऐकून ऐकून थकलेल्या उर्मिलेने अखेर राजीनामा लिहून ठेवला.

१९८४ च्या माघातला रविवार होता. सून घरी असल्याने देवकाबाई नाल्यापलीकडे वाळलेलं गवत कापायला गेल्या. तिथे त्यांना चौसिंग्याचं, म्हणजे नराला चार शिंगं असणाऱ्या हरणासारख्या लहान प्राण्याचं, पाडस दिसलं, हातभर लांब, निपचित पडलेलं. आई कुठेच नव्हती. हळहळत त्यांनी ते पदरात घेतलं.

वाटेत जंगलखात्यातले जुने चौकीदार रामाजी भेटले. पाडस होतं तिथेच ठेवा, म्हणाले.

"माय टाकून गेली त्याले, रामाजीभाऊ."

"टाकून नाई गेली, वयनी. जवळ बसली तर तिच्या वासानं कोल्हा येईन. म्हणून दूर चरून राहिली. अन् चरली नाई तर दूध कुठून येईन?"

देवकाबाईंना पटलं नाही, तरी त्या रामाजींबरोबर गवताकडे परतल्या. पाडस ठेवून दोघं लांब पळसाआड बसले.

उन्हं कलली तशी बिनशिंगाची मादी आली. चार पावलं टाकी, थांबे, कान टवकारी. तिने हलकी साद घातली आणि ते निपचित पाडस उठून धावलं! ते पीत असताना ती त्याचं अंग चाटून काढत होती. मागे वास राहू नये म्हणून, रामाजी हळूच म्हणाले. मग त्याला दुसऱ्या गवतात दडवून ती पुन्हा दूर गेली.

देवकाबाईंचे डोळे भरून आले. केवढी समज, केवढी माया त्या मुक्या जिवाची! आणि आपण घरातल्या आईला काय बोलत होतो?

घरी येताच त्यांनी राजीनाम्याचा कागद मागून घेतला आणि चुलीत घातला. सोमवारी नातीला कडेवर घेऊन त्या सुनेबरोबर बसपर्यंत गेल्या. शेजारच्या कलाबाईने नेहमीचा विषय काढलाच.

"टाकून नाई जात वो ते," देवकाबाई म्हणाल्या. "लेकरासाठीच जाऊन राहिली."

बंधुभगिनींनो, लेकरासाठी दूर जाणाऱ्या आईला बोल लावू नका. तिच्या माघारी लेकरू सांभाळा.