विश्रामबागेतली पुरणपोळी

उंब्रज मागं पडलं, गाडी हायवेला लागली, आणि इंद्रजितनं समोर बघतच आईला सांगितलं, "आई, तिथं केंद्राचं काय काढू नकोस. आई घरीच असती, असं सांगितलंय मी."

"बरं," मंगल म्हणाली.

बरं म्हणायला काय जातं? पण अकरा वर्षं ही बाई हायवेकडेच्या पोळी केंद्रात पुरणपोळ्या लाटत होती. नवरा अर्जुना गेला, मेंढरं विकली, माण तालुक्यातलं गाव सोडलं आणि उंब्रजला येऊन तिनं लाटणं हातात घेतलं. त्याच लाटण्यावर पोरगा इंजिनिअर झाला, साताऱ्याच्या कारखान्यात चिकटला. त्याच्याकडून तिला काही नको होतं. फक्त एकदा, चार माणसांत, त्यानं म्हणावं, माझी आई पोळ्या करते. एवढीच हाव. आज सांगलीला सोयरीक पक्की व्हायची होती, दोन्ही घरं समोरासमोर बसायची होती. आज तरी म्हणेल, असं तिला गाडीत बसेपर्यंत वाटत होतं.

विश्रामबागेतलं घर झकपक होतं. मुलीचे वडील जयराजराव सरकारी कचेरीत. मूळचे आटपाडीकडचे, आजा मेंढरांमागंच हिंडलेला, पण आता त्या घरात घोंगडं औषधालाही सापडलं नसतं. पाहुणे आले तशी मुलीची आई स्वयंपाकघरात गेली आणि आतून पोळपाट-लाटण्याचा आवाज सुरू झाला. तुपाचा वास सुटला. मग मुलगी, शिवांजली, ताटं घेऊन बाहेर आली. गालाला पीठ, पदराला पीठ. इतकं पीठ लागायला पोरीनं निदान पन्नास पोळ्या लाटायला हव्या होत्या.

"सगळं हिनंच केलंय हो," मुलीची आई मागोमाग येत म्हणाली. "पहाटेपासून उठलीय."

मंगलनं ताटात बघितलं आणि तिचा हात थांबला.

पोळीच्या काठाला एका जागी चिमटा बसला होता. कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडल्यापासून मंगलच्या उजव्या हाताचं एक बोट वळत नव्हतं. पोळी पोळपाटावरून उचलताना त्या बोटापाशी काठ दुमडायचाच. केंद्रातल्या बायका तिची पोळी लांबून ओळखायच्या. तिनं घास घेतला. जायफळ, जरा चढी सुंठ. ही तर काल सकाळी तिनंच लाटलेली, दुपारच्या गाडीनं सांगलीच्या दुकानाला गेलेली पोळी! पुन्हा तव्यावर टाकून वर तूप सोडलं होतं, पण काठ कडक झालाच होता.

आधी तिला हसूच आलं. उद्या केंद्रात सांगितलं तर बायका पोट धरधरून हसतील. मग पोरीची दयाही आली. येत नसेल एखादीला, त्यात काय मोठं? मंगल गप्प राहून जेवली असती आणि विषय तिथंच संपला असता.

पण खोटं बोललेलं माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतं. मुलीची आई वाढता वाढता सुरू झाली, "बाहेरचं आमच्याकडं चालतच नाही, ताई. कुठल्या बाया, कसले हात! त्याच हातानं घाम पुसत असतील. मला तर विकतच्या पोळीची किळसच येते." आणि इंद्रजितकडं वळून म्हणाली, "खरं की नाही?"

मंगलनं लेकाकडं बघितलं. त्याची अर्धी पोळी संपली होती.

"खरंय," इंद्रजित म्हणाला. "त्या बायकांचा काय भरवसा? घरची ती घरचीच."

जयराजरावांनी मान डोलवली. मंगलनं पाण्याचा घोट घेतला. त्याच हातानं ती चारचौघांत जेवत होती, आणि तो हात कुठं लपवावा हे तिला कळेना.

"काकू, आवडली का?" शिवांजलीनं विचारलं. पोरीचा आवाज कापत होता.

"लय चांगली झालीया," मंगल म्हणाली. "हाताला चव हाय तुझ्या."

साखरपुड्याची तारीख ठरली. ओटी भरली, साडी झाली, निरोप झाले.

परतीच्या वाटेवर मंगल मनातल्या मनात लेकाची वकिली करत राहिली. त्याला कुठलं कळणार? सहा वर्षं साताऱ्याला मेसचं खातोय. त्यात शिळी, परत तापवलेली पोळी. सासुरवाडीत पहिल्यांदा जेवायला बसलेला पोरगा, बोलला असेल समोरच्याच्या होला हो. आईची पोळी आहे हे माहीत असतं तर त्याची जीभ रेटली नसती. इस्लामपूर येईपर्यंत तिनं त्याला पुरतं माफ करून टाकलं. जीव जरा थाऱ्यावर आला, डोळाही लागला.

कराड गेल्यावर इंद्रजित आपल्याशीच हसला.

"आई, पोळी तुझीच हुती न्हवं?"

मंगल खडबडून सरळ बसली. "तुला कवा कळलं?"

"घ्या! पयल्याच घासाला वळखली. जलमभर खाल्लीया, तुझी पोळी वळखणार न्हाई व्हय मी?" त्यानं मोठ्या कौतुकानं तिच्याकडं बघितलं. आई खूश होईल असंच त्याला वाटत होतं.

मंगलचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"वळखली नसतीस तर बरं झालं असतं, बाळा," ती म्हणाली.