तिसऱ्यावरून दुसऱ्यावर

पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना टेकडीवरच्या वेधशाळेत नोकरी मिळाली होती. अट एकच: सोमवारपर्यंत ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचे. परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा एकाच उतारावर. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येताना गाडीने असा गचका दिला होता, की परीक्षकांचा चष्मा नाकावरून थेट मांडीवर आला.

शिकवणारी त्यांची मेहुणीच.

"भावोजी, क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटर जरासा दाबा. इंजिनाचा आवाज चढला की मग सोडा."

"चढला म्हणजे किती?"

"कानाला कळतं."

"कान हे मोजमापाचं साधन नव्हे."

"मग नाकाने चालवा!"

मास्तरांनी रीतसर हिशेब मांडला. वेग तोच ठेवून दुसऱ्या गिअरवर यायचे, तर इंजिनाचे फेरे दीडपट हवेत. वेगवार कोष्टक त्यांनी स्टिअरिंगशेजारी चिकटवले. मेहुणीने ते शांतपणे वाचले.

"छान. पण फेरे दाखवणारा काटा या गाडीत नाहीच."

मास्तरांचा चेहरा पडला. "दीडपट, दीडपट," असे पुटपुटता पुटपुटता ते एकदम थांबले. कंपनसंख्या दीडपट झाली की षड्जाचा पंचम होतो! लहानपणी चार वर्षे पेटी बडवल्याचा हा पहिलाच उपयोग. कानाला मोजता येत नसले तरी तुलना करता येते, एवढी सवलत त्यांनी कानाला दिली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी चष्मा आधीच खिशात घातला. उतार आला. मास्तरांनी इंजिनाच्या सुरात "सा" धरला, क्लच दाबून दुसरा गिअर टाकला, "पा" लावला, इंजिन त्या स्वराला चढेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबला आणि क्लच सोडला. गाडीने हूं की चूं केले नाही.

"तब्येत बरी आहे ना?" परीक्षकांनी विचारले.

"पंचम लावला."

"गाण्याच्या परीक्षा आम्ही घेत नाही. आता पहिला टाका."

इथे गुणोत्तर एक पूर्णांक आठ दशांश. म्हणजे कोमल निषाद. तो स्वर मास्तरांच्या गळ्याला कधीच लागला नव्हता, आणि अंदाजाने काही ठोकून देणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी ब्रेक दाबून गाडी पूर्ण उभी केली.

"हा मला येत नाही," ते म्हणाले. वेधशाळा गेलीच म्हणायची.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी खरडले.

"धावत्या गाडीत पहिला टाकायचा नसतोच. मी मुद्दाम सांगतो आणि सगळे टाकतात. या आठवड्यात थांबलेले तुम्ही एकटेच. पास."

मास्तरांनी हँडब्रेक ओढला.

"फक्त एक करा," परीक्षक चष्मा चढवत म्हणाले, "गाताना काचा बंद ठेवा."