भगताच्या वाटीतला अंगारा

शके १९०६च्या माघ वद्य पक्षात, म्हणजे इंग्रजी १९८५ सालच्या फेब्रुवारीत, रत्नागिरीलगतच्या भाट्ये गावी सोनूबाईंच्या सारवलेल्या अंगणात अर्धे गाव लोटले होते. निमित्त एवढेच, की त्यांची मुलगी चंपा पेज जेवत होती.

ह्यात नवल कसले, असे परगावच्या वाचकास वाटेल. दोन वर्षे चंपेला भिंतीतून माणसे बोललेली ऐकू येत, आणि तुझ्या अन्नात विष आहे, असे ती माणसे तिला बजावीत. मनोरुग्णालयाच्या गोळ्यांनी आवाज दबत, थांबत नसत. परंतु केरू भगताने तिच्या दंडांना देवीचा अंगारा फासला, दंडांवर मोठाले फोड उठले, सणसणून ताप भरला, आणि त्या तापातच पोर मुकाट्याने आईजवळ जेवायला बसली.

"फोड नव्हं ते," केरू समजावीत होता. "देवीनं आतल्या भुताला बखोटीला धरून भायेर काढलान. जाताना लाथा झाडत गेला, त्येचे वळ हायत. आता घरात डाक्टरची गोळी ऱ्हायली, तर तो वासावर परत येल."

चंपेचा भाऊ दत्ताराम गिरणीतून रजा काढून आला होता. त्याने गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या.

अशा प्रसंगी मी पोचलो. मी सेवानिवृत्त मराठी शिक्षक. जुन्या गद्यावर पोसलो असल्यामुळे तीन पोटवाक्यांखेरीज मला शिंकही येत नाही.

"सभ्य गृहस्थहो," मी म्हणालो, "येथे दोनच पक्ष संभवतात. एक तर ही मुलगी मुळात आजारी नव्हती, किंवा ती आता बरी झालेली नाही. तिसरा पक्ष..."

"मास्तर, बसा ना," चंपा म्हणाली. "चाय ठेवू?"

दोन वर्षांत तिने कोणाला चहा विचारला नव्हता. माझा तिसरा पक्ष तिथेच संपला आणि अंगण हसले.

हरलेला तार्किक फार हट्टी होतो. केरूच्या वाटीत निव्वळ राख आहे, असे मी जाहीर केले आणि ती चांगली लेपभर स्वतःच्या डाव्या दंडावर थापली. केरू मात्र ती आंब्याच्या पानानेच उचलीत असे. देवीचे द्रव्य पुरुषाने हाताने शिवू नये, हे त्याचे कारण. त्या कारणाचे मी सप्रमाण खंडन केले. पानाचा विचार केला नाही.

दोन दिवसांत माझा दंड भोपळ्यासारखा सुजला, फोड आले, अंग तापले. चंपेचे भूत मास्तरांत शिरले, असा गावाने निकाल दिला. माणसे पडवीत येऊन मला पाहून जाऊ लागली. माझी पत्नी काशी त्यांना दारातच सांगे, "ह्यांच्यात शिरून भूत करील काय? त्याला बोलायची पाळी कधी यायची?"

इकडे चंपेचा ताप उतरला आणि भिंत पुन्हा बोलू लागली. तिने पेजेची थाळी भिरकावली. केरूपाशी उत्तर तयार होते. "अर्धा गेलाय, अर्धा पाठीत दडलाय. आता सगळा अंग फासायला हवा." तिच्या दंडांतून अजून पू वाहत होता; सगळे अंग तसे झाले असते तर पोर वाचली नसती. तरी दत्ताराम कबूल झाला.

चंपेवर मनोरुग्णालयात उपचार करणाऱ्या डॉक्टर शालन रेडीज गावातच राहत. काशीने मला ओढत त्यांच्याकडे नेले. त्यांनी दंड पाहिला, माझे विवेचन अर्ध्यावर तोडले आणि म्हणाल्या, "बिबा उतलाय. ही राख कुठली?"

उत्तर ऐकताच त्या तशाच उठून सोनूबाईंच्या अंगणात आल्या. केरूने वाटी उघडली होती.

"भगत, पान बाजूला ठेवा. बोटाने घ्या आणि आधी स्वतःच्या हाताला लावा."

"देवीचा नेम हाय, बाई."

"नेम बिब्याचा आहे. राखेत बिब्याचे तेल कालवले आहे. ते कातडीला लागले, की शरीराचे संरक्षक दल खवळते. फोड उठतात, पिकतात, ताप चढतो. मास्तरांचा दंड बघा."

मी दंड दाखवला. आयुष्यात प्रथमच माझा मुद्दा न बोलता पटला. केरूने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"फोडांचा कळला," दत्ताराम म्हणाला. "पण ती बरी झालेली आमी डोळ्यांनी बघितली."

"तो दृष्टिभ्रम..." मी आरंभ केला.

"मास्तर, गप्प बसा. ती खरोखर बरी होती." डॉक्टर दत्तारामकडे वळल्या. "अंगात ताप भरला, की अशा काही रोग्यांचे आवाज थोडे दिवस थांबतात. ताप गेला, की परत येतात. रोगाशी लढणारे ते दल आणि मेंदू यांचे आतून काही नाते असावे, कदाचित ह्या आजाराचे मूळही तिथेच असावे, असा काही संशोधकांना संशय आहे. नक्की ठाऊक नाही."

"मग मुद्दाम ताप आणला तर?"

"आवाज पुन्हा येतीलच. नाहीतर त्याआधी ही पोरच जाईल."

"नि गोळीनं कायमचा जाईल?"

"वचन देत नाही. रोज घेतली तर आवाज दबतात, माणूस जेवतो. एवढे मी पाहिले आहे."

"ऐकलात?" केरू लोकांकडे वळला. "हिला ठाऊकच नाय. मी गॅरंटी दिली ती."

वाचकहो, गावाने पाहिले ते खरे होते; त्याला चिकटवलेले कारण खोटे होते. कारण खोटे म्हणून मी पाहिलेलेही नाकारले, आणि पाहिलेले खरे म्हणून गावाने कारणही गिळले. तपासण्याचे कष्ट दोघांनीही वाचवले. फोड मात्र चंपेला आले. म्हणून चमत्कार दिसला तर डोळे मिटू नयेत, आणि कारण सांगणाऱ्याला ते सिद्ध करायला लावल्यावाचून सोडू नये.

सोनूबाईंनी लेकीच्या डोक्यावर पदर घातला आणि केरूला म्हणाल्या, "गॅरंटी दिलीस, ती ताप उतरेपर्यंतच टिकली. बाई ठाऊक नाय ते ठाऊक नाय म्हणतात. पोर त्यांच्याच औषधावर ऱ्हायल."