माटोळीतला चिबूड

“दादा, हो चिबूड खंय बांदूं?”

धाकट्या हर्षानं पिवळाधमक चिबूड पुढे केला, तसं स्टुलावर चढलेल्या गौरेशनं तोंड वाकडं केलं. उद्या चतुर्थी. गोव्यातल्या डिचोलीच्या त्यांच्या घरात गणपतीच्या डोक्यावर टांगलेली माटोळीची लाकडी चौकट फळांनी अर्धी भरली होती. खिशातला फोन सकाळपासून कुरकुरत होता आणि दर कुरकुरीसरशी त्याचं डोकं फिरत होतं.

नोकरी सांभाळून तो फुकटात लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या एका वितरणासाठी एक प्रोग्राम पॅकेज करून, म्हणजे कुणालाही बसवता येईल असा बांधून, देई. इंटरनेटवरची भजनं, नाटकं उतरवून घेणारा प्रोग्राम. मये गावात अंथरुणाला खिळलेल्या कमलाक्षी मावशीला भजनं ऐकता यावीत म्हणून त्यानं हा उपद्व्याप मागून घेतला होता. वितरणाचा नेम असा, की आवृत्ती एकदा बाहेर पडली की दोन वर्षं आतलं काही हलवायचं नाही. आणि वेबसाइटी बदलणार दर पंधरवड्याला! पॅकेज महिन्याभरात निकामी. वापरणारे शिव्या घालत. प्रोग्रामचा मूळ लेखक खेकसे, ‘माझं जुनं मढं लोकांच्या दारात नेऊन टाकता कशाला?’ ठेवावं की काढावं, हा काथ्याकूट वर्षभर चालला होता. आज शेवटचा शब्द गौरेशचा होता. त्याला सगळ्यांचीच किळस आली होती. सर्वांत जास्त स्वतःची, कारण हे चालत नाही हे ठाऊक असूनही तो ते धरून बसला होता.

“पिकलेलो चिबूड माटोळेक कोण बांदता गो?” तो डाफरला.

“वास बघ केदो बरो येता!”

“येता. पूण परवां फुटटलो आनी रोस गळटलो गणपतीच्या माथ्यार. विसर्जनामेरेन तिगता तेंच बांदचें. हो आज कापून खावपाचो.”

हर्षा हसली. “मगीर तुजो तो प्रोग्राम? तो माटोळेर केन्नाचो कुसता न्हय?”

गौरेशला राग आला, आणि मग त्या रागाचीही शिसारी आली. खाली उतरून त्यानं फोनवर लिहिलं: काढून टाका. ज्याला हवा त्यानं लेखकाकडूनच ताजा घ्यावा. आठ वर्षांचं काम होतं. तरी त्यानं पाठवलं.

दुपारी गूळ घातलेल्या चिबडाचा डबा घेऊन तो मयेला गेला. मावशीच्या कंप्युटरमध्ये ताजा प्रोग्राम स्वतः घातला. भजन लागलं.

“आतां परत बंद पडचो ना मरे?” मावशीनं विचारलं.

“पडटलो, मावशी. पंदरा दिसांनी. हांव येतलों.”

“आनी तूं दमलो जाल्यार?”

त्यानं डबा तिच्या पुढ्यात सरकवला.

घरी येऊन पाहिलं, तर वितरणाच्या पानावरून पॅकेज आणि त्यापुढचं त्याचं नाव काढून टाकलेलं होतं. माटोळीत चिबडासाठी सोडलेली दोरी रिकामीच लोंबत होती. हर्षा तिथं बांधायला नारळ घेऊन आली.

“रावं दी,” तो म्हणाला, आणि ती जागा तशीच राहिली.