धोंड्याच्या महिन्यातला कूलर

वाणासाठी विड्याची पाने, सुपाऱ्या आणि खारका घेऊन ऋजुता इंदूरच्या मल्हारगंजातल्या घरी परतली, तेव्हा तिचा संगणक टेबलावर उघडा पडला होता. त्याच्यापुढे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा सुशांत, शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे नातेवाइकांना सांगायला बाहेर आलेल्या सर्जनच्या थाटात, स्क्रूड्रायव्हर फिरवत उभा होता. प्रोसेसर थंड ठेवायला तिने निवडलेला बुटका कूलर जुन्या वर्तमानपत्रावर उताणा पडला होता.

"तुझं ते खेळणं काढून टाकलं," सुशांत म्हणाला. "आता लिक्विड कूलिंग. खास पुण्याहून आणलंय."

"जिजाजी, तुम्हाला हात लावायला कोणी बोललं होतं?"

"भाऊजी. मराठीत भाऊजी म्हणतात. आणि परवानगी बाबांनी दिली."

गजाननराव दारातच उभे होते. मुलीच्या नजरेला नजर न देता ते म्हणाले, "अगं, सुशांतराव एवढ्या प्रेमाने घेऊन आले. धोंड्याचा महिना आहे. जावयाला नाही कसं म्हणायचं?"

या प्रश्नाला त्या घरात उत्तर नव्हते. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या अधिक मासात लेक-जावयाला बोलवावे, जावयाला पाटावर बसवावे, अनारशांचे वाण द्यावे आणि तो निघेपर्यंत त्याचा शब्द खाली पडू देऊ नये, ही रीत होळकरांच्या कचेरीत कारकुनी केलेल्या पणजोबांपासून चालत आली होती. कचेरी गेली, रीत राहिली. यंदा तो महिना ऐन उन्हाळ्यात आला होता, आणि माळव्याच्या रात्री थंड असतात ही म्हण ऐकून आलेला पाहुणा पहिल्याच रात्री गच्चीवर तळमळला होता.

ऋजुताचा प्रश्न मात्र रीतीचा नव्हता. शाळेतली शिकवण्याची नोकरी सोडून तिने इमारतींची चलच्चित्रे बनवण्याचे काम धरले होते. न बांधलेल्या इमारतीतून माणूस फिरतो आहे असे वाटावे, अशी ती चित्रे असत. विजयनगरातल्या एका वास्तुरचनाकाराने तिच्याकडून नमुना मागितला होता. तो सोमवारी सकाळी दाखवायचा होता. पसंत पडला तर वर्षभराचे काम, नाही तर जूनमध्ये मुकाट्याने शाळेत परत. ही अट गजाननरावांनी घातली होती आणि तिने ती मान्य केली होती. तो नमुना तयार करताना संगणकाला रात्रंदिवस पूर्ण ताकदीने राबावे लागणार होते. राबणारा प्रोसेसर तापतो, आणि ताप वेळेवर वाहून नेला नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी संगणक आपला आपण बंद पडतो.

यंत्र ग्राहकाच्या कार्यालयात उचलून नेता यावे म्हणून तिने ते मुद्दाम आटोपशीर बांधले होते. एवढ्या लहान पेटीत कूलर निवडणे म्हणजे अरुंद जिन्यातून कपाट चढवणे. तिने पट्टीने आतली उंची मोजली, मेमरीच्या पट्ट्या किती वर येतात ते पाहिले, पुठ्ठ्याचा कूलर कापून आत बसवून पाहिला आणि मग खरा मागवला. त्याचा पंखा पेटीच्या जाळीला जवळजवळ खेटून बसे आणि बाहेरची हवा सरळ आत ओढी. महिनाभर तो तक्रारीवाचून चालला होता.

सुशांतचा सिद्धान्त चुकीचा नव्हता. पाणी हवेपेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु सिद्धान्ताला पेटीत जागा लागते. त्या पेटीत रेडिएटर, म्हणजे तापलेले पाणी निववणारी जाळी, मावेल अशी एकच जागा होती, तळाची. म्हणून रेडिएटर खाली गेला आणि पाणी फिरवणारा पंप वर राहिला. बंद नळ्यांत थोडी हवा असतेच, आणि हवा नेहमी सर्वांत उंच जागा गाठते. इथे सर्वांत उंच जागा पंपाची होती. तो पाण्याऐवजी हवाच घुसळू लागला, आणि त्यातून चूळ भरल्यासारखा आवाज येऊ लागला.

शनिवारी रात्रभरात यंत्र दोनदा बंद पडले. सकाळी ऋजुताने सांगितले, तेव्हा सुशांतने चहाचा कप खाली न ठेवता निकाल दिला.

"गर्मी तुमच्या इंदूरची आहे. कूलरचा काय दोष? बाबा, तिच्या खोलीत एसी लावा ना. लोक आजकाल लावतात."

गजाननराव हसले. आपली ऐपत कोणी चारचौघांत काढली की ते असेच हसत, आणि ऋजुताला ते हसणे त्या टोमण्यापेक्षा अधिक झोंबे.

दुपारी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. शोभनाबाईंनी जावयाला ओवाळले, तांब्याच्या ताटातले अनारसे त्याच्या हाती दिले आणि पुरणाचे धोंडे पानात वाढले. सुशांतने पहिला धोंडा तुपात बुडवला न बुडवला तोच शेजारच्या खोलीतून ती चूळ ऐकू आली, मग एक टक् आणि मग शांतता.

ऋजुता उठली, पाहून आली आणि पानासमोर उभी राहिली.

"जिजाजी, परत बंद पडला. ऐका ना, एकच काम करू द्या. डबा उलटा करून ठेवते. रेडिएटर वर जाईल, पंप खाली. काहीच खोलायला नको."

"उलटा?" सुशांतचा घास हातात राहिला. "मी बसवलेली वस्तू तू उलटी टांगणार?"

"टांगणार नाही हो, ठेवणार."

"आणि उद्या तिकडे उलटा डबा नेशील? कोणी बसवला विचारलं की माझंच नाव घेशील."

"नाही घेणार. कसम से."

"ऋजू, तोंड सांभाळ," थोरली बहीण सुरुची म्हणाली. "अख्खी रात्र बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते ते खोकं. तुझ्यासाठी."

"ताई, माझ्यासाठी असतं तर आधी मला विचारलं असतं."

"विचारायचं काय?" सुशांत म्हणाला. "मी रोज ऑफिसात सर्व्हर पाहतो. तू शाळेत पोरांना माउस धरायला शिकवायचीस. उलटंबिलटं काही करायचं नाही. आहे तसं चालव, नाही तर बंद ठेव."

शोभनाबाई हलकेच म्हणाल्या, "जेवण होऊ दे ना ग बेटा. नंतर कर काय ते."

"नंतर नाही आई. आत्ता सुरू केलं तर पहाटेपर्यंत होईल. नंतर म्हणजे शाळा."

सुशांतने धोंडा तोंडात टाकला आणि मेहुणीकडे पाहत सावकाश चावला. यंत्र उलटे ठेवण्यात त्याची लाज झाकली जाणार होती. ती सवलत त्याने स्वतःच झिडकारली होती. यापुढे त्याचा मान राखायचा तर स्वतःचे काम बुडवावे लागणार होते. ऋजुता खोलीत गेली आणि तिने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"ऋजुता! हात लावू नकोस त्याला." गजाननरावांचा आवाज चढला.

पहिला स्क्रू निघाल्याचा बारीक किरकिराट जेवणघरापर्यंत ऐकू गेला. सुशांत हात न धुता पाटावरून उठला आणि दारात येऊन उभा राहिला. जावई भरल्या पानावरून उठला होता. शोभनाबाईंनी पदर तोंडाला लावला. भिंतीपलीकडच्या शेजारणीला हे कळायला संध्याकाळही व्हायची नव्हती.

"मी पानावर बसलेला असताना?" तो म्हणाला. "हा तुमचा धोंड्याचा महिना?"

"मान तुमचा पाटावर आहे, जिजाजी. हे टेबल माझं आहे."

"बाबा, ऐकताय ना? ही तुमची शिकवण."

"त्यांना कशाला मध्ये ओढता? सकाळी एसीवरून ओढलं, तेवढं पुरे नाही झालं?"

गजाननराव जागचे हलले नाहीत. मुलगी आपली बाजू घेते आहे, हे त्या क्षणी त्यांना जावयाच्या रागाहून अधिक अवघड झाले असावे. ते इतकेच म्हणाले, "माफी माग."

"मागेन. हे चालू झाल्यावर."

घाई तिने होऊ दिली नाही. पंप उतरवला, नळ्या गुंडाळल्या, प्रोसेसरवरचा ताप वाहून नेणारा जुना लेप कापडाने पुसला, मधोमध मुगाच्या दाण्याएवढा नवा लेप ठेवला आणि त्यावर आपला बुटका कूलर दाबून बसवला. तिरपे समोरासमोर असलेल्या कोपऱ्यांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. पंखा फिरू लागला. पडद्यावर तापमानाचा आकडा चढला, अडखळला आणि एका जागी टेकला.

मग ती वळली. "माफ करा, जिजाजी."

"भाऊजी," सुशांत म्हणाला, आणि हात धुवायला गेला. संध्याकाळच्या बसने दोघे गेली. सुरुचीने आईला नमस्कार केला, वडिलांना केला, ऋजुतापुढून जाताना फक्त म्हणाली, "काम मिळो तुला. माहेर तर गेलंच माझं." अनारशांचे ताट तसेच राहिले, लिक्विड कूलिंगचे खोके तेवढे परत गेले.

सोमवारी वास्तुरचनाकाराने ती लहानशी पेटी हाताने उचलून पाहिली, नमुना दोनदा चालवून घेतला आणि वर्षाचे काम दिले. घरी हे ऐकून शोभनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. गजाननरावांनी ती घेतली, पण लेकीशी बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात सुरुचीचा फोन आला, तोही वडिलांना. ते बराच वेळ "हो, हो" करत राहिले. मग ऋजुताच्या दारात येऊन भिंतीकडे पाहत म्हणाले, "सुशांतरावांच्या खोक्यात एक स्क्रू कमी आहे म्हणे."

"सगळे पुडीत घालून, टेप लावून दिले होते, बाबा. मोजून."

"ते खोटं बोलतील?"

"हो."

गजाननरावांनी खिशातून चष्मा काढला, टॉर्च पेटवली, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि तिच्या टेबलाखाली फरशी चाचपू लागले. ऋजुताने त्यांना उठवले नाही. तिने नव्या कामाची फाइल उघडली, आणि त्यांना नीट दिसावे म्हणून पाय वर खुर्चीत घेतले.